अपुरे देवालय : दिदिमा येथील अपोलोचे मंदिर

आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, नैऋत्य किनाऱ्यावर मिलेटस हे आयोनियन ग्रीकांचे एके काळचे वैभवशाली नगर होते आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे अठरा किलोमीटरवर, त्याच्याच हद्दीत, दिदिमा हे अपोलो देवाचे ठाणे होते. ग्रीक मंदिरवास्तूची चर्चा सहसा अथेन्सच्या पार्थेनॉनपाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. त्यामुळे ग्रीक मंदिर म्हणजे एका पिढीने मनावर घेऊन तडीस नेलेले निर्दोष काम, अशी समजूत होऊन बसते. पार्थेनॉन खरोखरच तसे होते, इ.स.पू. ४४७ ते ४३२ या पंधरा वर्षांत ते शिल्पकामासकट पुरे झाले. दिदिमाचे मंदिर मात्र अलेक्झांडरनंतरच्या काळात सुरू होऊन रोमन साम्राज्याच्या ऐन भरातही चालूच राहिले आणि पाच शतके उलटल्यावरही पुरे झाले नाही. गंमत अशी की ग्रीक स्थपती आणि पाथरवट प्रत्यक्षात काम कसे करीत, याविषयीची सर्वांत बारीक माहिती या अपुऱ्या राहिलेल्या इमारतीनेच पुढे अभ्यासकांच्या हाती दिली.

दिदिमाची ख्याती मुळात इमारतीमुळे नव्हती, ती कौलामुळे होती. युद्ध करावे की नाही, वसाहत कोठे वसवावी, साथ कशाने आटोक्यात येईल, अशा प्रश्नांवर देवाचा कौल घेण्याची ग्रीकांची रीत होती आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवर डेल्फीला जो मान होता तोच आयोनियात दिदिमाला होता. येथील पूजाअर्चा आणि कौल सांगण्याचा अधिकार ब्रांखिदाई नावाच्या घराण्याकडे वंशपरंपरेने होता. अपोलोच्या कृपेला पात्र झालेल्या ब्रांखोस नावाच्या तरुणापासून आपला वंश सुरू झाला, असे हे घराणे सांगत असे. या देवस्थानाकडे परराज्यांचेही लक्ष होते. इजिप्तचा राजा नेको दुसरा याने सीरियातील स्वारीत अंगावर घातलेला पोशाख विजयानंतर येथे अर्पण केला, आणि लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याने डेल्फीला जेवढे सोने पाठवले तेवढ्याच वजनाचे येथेही पाठवले, अशी नोंद हिरोडोटस या इतिहासकाराने केली आहे.

या कौलाचा स्वभाव कसा होता हे हिरोडोटसने सांगितलेल्या एका प्रसंगावरून चांगले कळते. इराणी सम्राट सायरस याने लिडिया जिंकल्यावर पॅक्टिआस नावाच्या लिडियन अधिकाऱ्याने बंड केले आणि ते फसताच तो क्युमे या ग्रीक नगराच्या आश्रयाला गेला. इराण्यांनी त्याला मागितले तेव्हा क्युमेच्या लोकांनी दिदिमाला कौल लावला आणि देवाने शरणागताला इराण्यांच्या हवाली करावे असे सांगितले. अरिस्टोडिकोस नावाच्या प्रतिष्ठित नागरिकाला हा निर्णय देवाचा वाटेना, म्हणून तो दुसऱ्या शिष्टमंडळाबरोबर स्वतः गेला. पण उत्तर तेच आले. तेव्हा त्याने मंदिराभोवती फिरून तेथे घरटी करून राहिलेल्या चिमण्या आणि इतर पाखरे काढून टाकायला सुरुवात केली. आतून संतप्त आवाज आला की माझ्या आश्रयाला आलेल्यांना हुसकावण्याचे धाडस तू कसे करतोस. त्यावर अरिस्टोडिकोसने विचारले की देव स्वतःच्या आश्रितांना राखतो आणि क्युमेकरांना मात्र आपला आश्रित सोडून द्यायला सांगतो, हे कसे. देवाचे उत्तर असे होते की असला प्रश्न विचारण्याचे पाप करून तुमचा लवकर नाश व्हावा आणि पुन्हा कोणी असा कौल लावायला येऊ नये, म्हणूनच तसे सांगितले. हिरोडोटस यात देवाची चतुराई पाहतो. परंतु इराणी सत्ता दाराशी येऊन ठेपली असताना तिला दुखावणारा सल्ला द्यायचा नाही आणि दिलेला सल्ला अंगाशी येतोसे दिसताच त्याला नीतीचे रूप द्यायचे, हे पुजाऱ्यांचे व्यवहारज्ञानही त्यातून लपत नाही.

त्या काळचे मंदिर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उभे राहिले होते. त्याच्या पुढच्या स्तंभांच्या खालच्या भागावर तरुणींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि त्यांतील काही मुखांचे अवशेष आज बर्लिनमध्ये आहेत. मिलेटसहून येणाऱ्या यात्रामार्गाच्या, ज्याला ग्रीक ‘पवित्र मार्ग’ म्हणत, शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना आसनस्थ पुरुषांच्या आणि सिंहांच्या संगमरवरी मूर्ती होत्या. हे वैभव फार टिकले नाही. इ.स.पू. ४९९ मध्ये आयोनियन नगरांनी इराणविरुद्ध उठाव केला, तेव्हा मिलेटसचा भूगोलज्ञ आणि इतिहासकार हेकाटेअस याने उठाव करूच नये असे सांगितले. आणि करायचाच असेल तर क्रीससने दिदिमाला वाहिलेले सोने काढून त्यातून आरमार उभारावे, नाहीतर ते शत्रूच्या हाती पडेल, असा इशारा दिला. देवाच्या खजिन्याला हात लावायला कोणी धजले नाही. इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस पडले, पुरुषांपैकी बहुतेक मारले गेले, उरलेल्यांना टायग्रिस नदीच्या मुखाजवळच्या आंपे या गावी नेऊन बसवण्यात आले, आणि दिदिमाचे मंदिर लुटून जाळण्यात आले. पुढे फ्रिनिखोस या नाटककाराने या पाडावावर अथेन्समध्ये नाटक केले, तेव्हा सारा प्रेक्षकवर्ग रडला आणि आपल्याच माणसांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल नाटककाराला १,००० द्राख्मे दंड झाला. हेकाटेअसचा इशारा किती खरा ठरला याचा एक वजनदार पुरावा पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. फासे म्हणून वापरल्या जाणाऱ्या मेंढीच्या घोट्याच्या हाडाच्या आकाराची ही कांस्याची ओतीव वस्तू सुमारे ९३ किलो भरते, तिच्यावर अपोलोला केलेल्या अर्पणाचा ग्रीक लेख आहे, आणि ती सापडली थेट इराणातील सुसा या राजधानीच्या उत्खननात.

देवस्थान कोणी जाळले याविषयी दुसरी एक परंपरा आहे. तिच्यानुसार ब्रांखिदाईंनी स्वतःहून खजिना इराणी सम्राट झर्क्सिसच्या स्वाधीन केला, आपल्या लोकांच्या सूडाच्या भीतीने ते त्याच्याबरोबर मध्य आशियात निघून गेले आणि दीडशे वर्षांनी अलेक्झांडरने तेथे त्यांच्या वंशजांचे गाव गाठून सगळ्यांची कत्तल केली. हिरोडोटसला या फितुरीचा पत्ता नाही, आणि तो त्या घटनांना कितीतरी जवळचा. ही कथा अलेक्झांडरच्या पदरी असलेल्या इतिहासकारांकडून आलेली दिसते. अलेक्झांडरच्या काळात देवस्थान पुन्हा सुरू झाले ते जुन्या घराण्याला वगळून, मिलेटसच्या नागरिकांमधून दरवर्षी नवा ‘प्रोफेटेस’ म्हणजे मुख्य कौलाधिकारी नेमण्याच्या पद्धतीने. वंशपरंपरागत हक्कदार फितूर होते ही गोष्ट या नव्या व्यवस्थेला सोयीची होती, हे ध्यानात घेऊनच ती वाचावी लागते.

इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडरने मिलेटस घेतले. त्याचा दरबारी इतिहासकार कॅलिस्थेनिस लिहितो की मंदिर जळाल्यापासून आटलेला पवित्र झरा पुन्हा वाहू लागला, आणि अलेक्झांडर इजिप्तमध्ये मेंफिस येथे असताना मिलेटसच्या दूतांनी तो झ्यूसचा पुत्र असल्याचे, आगामी लढाईत त्याचा जय होणार असल्याचे आणि इराणी सम्राट दारयवहूचा अंत जवळ आल्याचे कौल त्याच्यापुढे आणून ठेवले. मौन सोडताना देव जेत्याच्या बाजूनेच बोलला, हे पूर्वीच्या धोरणाला धरूनच झाले.

मंदिराचा खरा आश्रयदाता मात्र अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस ठरला, जो भारतीय वाचकांना चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेणारा राजा म्हणून परिचित आहे. इराण्यांनी आपल्या मुलखात एकबताना येथे नेलेली अपोलोची कांस्यमूर्ती, जी कनाखोस या शिल्पकाराने घडवली होती, सेल्युकसने परत पाठवली. इ.स.पू. २८८-२८७ च्या सुमारास त्याने सोन्यारुप्याच्या पात्रांबरोबर पाठवलेल्या पूजाद्रव्यांची यादी शिलालेखात टिकून आहे : दहा टॅलेंट, म्हणजे अडीचशे किलोंहून अधिक, लोबान, एक टॅलेंट बोळ, दालचिनीच्या दोन जाती आणि कोष्ठ प्रत्येकी दोन मिना, म्हणजे एकेक किलोच्या आसपास. यांतील कोष्ठ ही काश्मीरच्या डोंगरात उगवणाऱ्या झाडाची सुगंधी मुळी असल्याने हिमालयातला माल एजियन किनाऱ्यावरच्या देवापुढे जळत होता असे म्हणता येते, आणि दिलेल्या वजनांवरून त्याची दुर्मीळताही कळते. सेल्युकसचा पुत्र अँटिओकस याने मिलेटसमध्ये दुकानांची लांबलचक ओवरी बांधून तिचे भाडे मंदिराच्या बांधकामाला लावून दिले. या देणगीबद्दल आभाराचा ठराव मांडणारा मिलेटसचा डेमोडामस हा पुढे सेल्युकसचा सेनापती म्हणून सिर दर्या नदीपलीकडे गेला आणि तेथे त्याने दिदिमाच्या अपोलोच्या वेदी उभारल्या, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

नव्या मंदिराचे स्थपती एफेससचा पायोनिओस आणि मिलेटसचा डाफ्निस हे होते; ही माहिती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने दिली आहे. त्यांनी आखलेल्या मंदिराचे वरचे जोते सुमारे ५१ मीटर रुंद आणि १०९ मीटर लांब आहे. शैली आयोनिक, म्हणजे सडपातळ स्तंभ, त्यांना घडीव बैठक आणि माथ्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणे असलेले स्तंभशीर्ष. सर्व बाजूंनी स्तंभांची एक नव्हे तर दुहेरी रांग होती. बाहेरची आखूड बाजूस दहा आणि लांब बाजूस एकवीस स्तंभांची, आतली आठ आणि एकोणीस स्तंभांची, असे मिळून १०८, आणि पुढच्या मंडपातले बारा धरून १२०. प्रत्येक स्तंभाची उंची १९.७ मीटर ठरली होती, म्हणजे पार्थेनॉनच्या स्तंभांच्या जवळजवळ दुप्पट. एका स्तंभाच्या मध्यापासून शेजारच्या स्तंभाच्या मध्यापर्यंतचे अंतर ५.३ मीटर असून सगळा आराखडा, आतल्या भिंतींसह, याच मापाच्या चौकटींवर बसवलेला आहे. एफेससच्या आर्टेमिसचे आणि सामोसच्या हेराचे मंदिर यांच्याशी स्पर्धा करण्याचा हेतू या आकड्यांतून उघड दिसतो.

परंतु दिदिमाचे वेगळेपण आकारात नाही, आतल्या मांडणीत आहे. ग्रीक मंदिर म्हणजे साधारणपणे स्तंभांनी वेढलेली, छपराखालची एक लांबट खोली, जिच्यात देवाची मूर्ती असते आणि जिच्या दारातून ती समोरच्या वेदीकडे पाहत असते. येथे सात उंच पायऱ्यांच्या जोत्यावर, पूर्वेकडच्या मधल्या जिन्याने चढून, भाविक बारा स्तंभांच्या मंडपात येई, आणि त्याच्यासमोर साडेपाच मीटर रुंद आणि चौदा मीटर उंच दार उभे राही. मात्र या दारातून आत जाता येत नसे, कारण त्याचा उंबरठा जवळजवळ दीड मीटर उंच आहे. कौलाचे शब्द या उंचवट्यावरून खाली उभ्या असलेल्यांना ऐकवले जात असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आत जाण्याचा मार्ग दाराच्या दोन्ही अंगांना होता : कमानी छताचे दोन अरुंद, अंधारे, खाली उतरत जाणारे बोगदे. त्यांतून बाहेर पडणारा माणूस गर्भगृहात न पोचता एकदम उन्हात, उघड्या आकाशाखाली येई.

हा खोलगट चौक, ज्याला ग्रीक ‘अडिटोन’ म्हणजे प्रवेश निषिद्ध असलेली जागा म्हणत, सुमारे ५४ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद आहे. त्याच्या भिंती वीस मीटरांहून उंच चढवलेल्या होत्या. खालचा भाग साधा, वर भिंतीत बसवलेले चौकोनी अर्धस्तंभ आणि त्यांच्या माथ्यांमध्ये वीणेसारख्या लायर वाद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले, गरुडाच्या तोंडाचे आणि सिंहाच्या धडाचे पशू कोरलेला पट्टा. चौकात अपोलोला प्रिय असलेली लॉरेलची झाडे होती, पवित्र पाणी होते, आणि पश्चिम टोकाला चार स्तंभांचे, चौदा मीटर लांबीचे एक छोटे आयोनिक देऊळ होते, ज्यात परत आलेली कांस्यमूर्ती ठेवलेली होती. मागे वळून पाहिले तर चोवीस पायऱ्यांचा रुंद जिना वर जाताना दिसतो आणि त्याच्या माथ्यावर दोन करिंथियन स्तंभांची, म्हणजे अकँथसच्या कातीव पानांनी मढवलेल्या शीर्षांच्या स्तंभांची, एक खोली येते. मंडपातून दिसणारे अलंघ्य दार याच खोलीचे. थोडक्यात, बाहेरून जगातले एक प्रचंड मंदिर दिसणारी ही वास्तू म्हणजे एका झऱ्याभोवती, काही झाडांभोवती आणि एका लहानशा देवळाभोवती घातलेले कुंपण होते. स्ट्रॅबो हा भूगोलकार म्हणतो की मंदिर इतके अवाढव्य झाले की त्याला छप्पर घालता आले नाही. हे त्याचे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही. आधीच्या मंदिरातही पाणी आणि झाडी उघड्यावरच होती आणि नव्या स्थपतींनी ती तशीच राखायचे ठरवूनच आराखडा केला, असे बोगद्यांपासून भिंतींपर्यंत सगळी रचना सांगते.

एवढे काम कसे चालले असेल याची कल्पना बांधकामाच्या हिशेबांवरून येते, जे दगडावर कोरून लोकांसमोर मांडले जात. वर्षभरात किती दगड खाणीतून काढले, किती वाहून आणले, किती बसवले आणि किती घासून पुरे केले याची मोजदाद त्यांत स्थपतीच्या नावासह दिलेली आहे आणि देवस्थानाच्या मालकीचे गुलाम कामावर असल्याचेही नोंदले आहे. संगमरवर लाट्मोस डोंगराच्या पायथ्याशी हेराक्लेया नगराजवळच्या खाणींतून येई. तेव्हा तेथपर्यंत समुद्राची खाडी होती. मेअँडर नदीच्या गाळाने ती पुढे भरून गेली, मिलेटसचे बंदर जमिनीत अडकले आणि खाडीच्या टोकाचे बाफा सरोवर झाले. दगड जहाजांत घालून पानोर्मोस बंदरात उतरवत आणि तेथून चढावर ओढून आणत. हिशेबांवरून अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार एका स्तंभाला सुमारे ४०,००० द्राख्मे लागत. कारागिराची दिवसाची मजुरी दोन द्राख्मे धरली तर हे वीस हजार दिवसांचे काम होते. असे १२० स्तंभ उभारायचे तर नुसत्या स्तंभांनाच ४८ लाख द्राख्मे हवेत. सेल्युकसचा वंश दुबळा झाल्यावर एवढा पैसा देणारा कोणी राहिला नाही आणि काम मिलेटसच्या ऐपतीप्रमाणे, कधी एखादा स्तंभ तर कधी नुसती बैठक, असे रेंगाळत गेले.

दरम्यान देवस्थान चालूच होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून येथे मोठे क्रीडोत्सव भरू लागले आणि मंदिराच्या दक्षिणेस लागूनच धावण्याची शर्यतभूमी असल्याने त्या बाजूच्या पायऱ्या प्रेक्षकांच्या बैठका झाल्या. जागा अडवण्यासाठी लोकांनी पायऱ्यांवर कोरलेली आपापली नावे आजही वाचता येतात. इ.स.पू. पहिल्या शतकात चाच्यांनी देवस्थान लुटले, तर त्याच शतकात इजिप्तच्या बाराव्या टॉलेमीने मोठ्या दाराच्या कामासाठी ३४ हस्तिदंत पाठवले. रोमन सम्राटांपैकी कॅलिगुलाने मंदिर पुरे करण्याची इच्छा धरली. इतिहासकार डिओ कॅसिअस म्हणतो की त्याला ते स्वतःच्या पूजेसाठी बळकवायचे होते. ट्रेजनने इ.स. १००-१०१ मध्ये पवित्र मार्ग नव्याने बांधून दिला आणि हेड्रियनने प्रोफेटेसचे पद मानाने स्वीकारले. पुढच्या रांगेतील स्तंभांच्या बहुकोनी, नक्षीदार बैठका आणि ज्याची छायाचित्रे आज सर्वत्र दिसतात ते मेड्यूसाचे फुगीर गालांचे मस्तक हे सगळे याच रोमन काळातले आहे; सेल्युकसच्या स्थपतींच्या संयमी कामाशेजारी ते जरा भडकच वाटते.

कौल प्रत्यक्षात कसा सांगितला जाई याचे वर्णन इ.स. ३०० च्या आगेमागे लिहिणाऱ्या इयांब्लिखस या तत्त्वज्ञाने दिले आहे. कौल सांगणारी स्त्री तीन दिवस उपास करून, स्नान करून आत बसे. हातात देवाची काठी धरी, पाय किंवा वस्त्राचा काठ पाण्यात भिजवी किंवा पाण्याची वाफ हुंगे आणि मग तिच्या तोंडून देव बोले. तिच्या शब्दांना छंदोबद्ध रूप देऊन ते प्रश्नकर्त्यापर्यंत पोचवण्याचे काम प्रोफेटेस आणि त्याच्या हाताखालचे लोक करीत. सगळेच प्रश्न काही राजकारणाचे नसत. इतर देवतांच्या वेदींच्या गर्दीत एका देवीची वेदी हलवावी का, अशीही विचारणा शिलालेखांत आढळते.

शेवटचा गाजलेला कौल मात्र राजकारणाचाच होता. ख्रिस्ती धर्मीयांविरुद्ध कडक उपाय योजावेत की नाही, या पेचात पडलेल्या सम्राट डायोक्लेशियनने दिदिमाला माणूस पाठवला आणि ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियसच्या म्हणण्याप्रमाणे देवाने ख्रिस्ती धर्माचा वैरी बोलावा तसेच उत्तर दिले; इ.स. ३०३ च्या फेब्रुवारीत मोठा छळ सुरू झाला. शतकानुशतके बलवानाचा कल ओळखून बोलणाऱ्या या देवस्थानाचा अंदाज येथे पूर्ण चुकला. पुढच्या पिढीत साम्राज्यच ख्रिस्ती झाले. सम्राट ज्युलियनने जुना धर्म परत आणण्याच्या अल्पकाळच्या प्रयत्नात दिदिमाचे प्रोफेटेसपद मिरवले आणि मंदिराजवळची ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाडण्याचे फर्मान काढले, पण तो इ.स. ३६३ मध्ये लढाईत पडला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसिअसच्या कायद्यांनी सर्वच कौल बंद झाले आणि त्यानंतर उघड्या चौकात एक चर्च बांधले गेले, ज्याला त्या उंच भिंतींचा आयताच आडोसा मिळाला.

इटालियन प्रवासी सिरियाको पंधराव्या शतकाच्या मध्यास येथे आला तेव्हा मंदिराचा बराच भाग उभा होता. त्याच शतकाच्या शेवटी भूकंपाने ते कोसळले आणि तीनच स्तंभ शिल्लक राहिले. ढिगाऱ्यावर ग्रीक खेडे वसले आणि त्याच्या माथ्यावर पवनचक्की फिरू लागली. लंडनच्या सोसायटी ऑफ डिलेटांटी या मंडळाने १७६४ मध्ये पाठवलेल्या मोहिमेने अवशेषांची पहिली काटेकोर रेखाटने केली. इंग्रज पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने १८५८ मध्ये पवित्र मार्गावरच्या आसनस्थ मूर्ती उचलून ब्रिटिश म्युझियममध्ये नेल्या. त्या काळच्या रिवाजाला हे धरून असले तरी मार्गाची जी शोभा इराण्यांच्या जाळपोळीतून वाचली होती ती या शास्त्रीय कुतूहलातून वाचली नाही, हेही खरे. फ्रेंचांच्या दोन मोहिमा होऊन गेल्यावर थिओडोर व्हीगांटच्या नेतृत्वाखाली जर्मनांनी १९०६ ते १९१३ या काळात संपूर्ण मंदिर ढिगाऱ्याखालून मोकळे केले. त्या वेळी एक स्तंभ जसा आडवा पडला होता तसाच, त्याचे दगडी तुकडे नाण्यांची चळत कलंडावी तसे एकमेकांवर रेललेले, सापडला आणि तो तसाच ठेवण्यात आला. उभ्या असलेल्या तीनपैकी दोन स्तंभांवर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. तिसरा त्यांच्याविना गुळगुळीतच राहिला, कारण पन्हळी पाडण्याचे काम स्तंभ उभा राहिल्यावर, अगदी शेवटी करायचे असे. जोत्यावर आणि बोगद्यांत जागोजाग दगडाचे फुगीर, न तासलेले पृष्ठ दिसते तेही याच कारणाने.

या सगळ्या उत्खननात आणि ह्युबर्ट क्नाकफुसने १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपशीलवार वास्तुवर्णनात एक गोष्ट कोणाच्या नजरेस आली नव्हती. १९७९ मध्ये लोथार हासेलबेर्गर हा जर्मन वास्तू-अभ्यासक चौकात असताना भिंतीवर तिरप्या पडलेल्या उन्हात त्याला बारीक रेघा दिसल्या. तपासांती असे आढळले की चौकाच्या भिंतींचा सुमारे दोनशे चौरस मीटर भाग अशा रेघांनी भरलेला आहे. रेघा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद आहेत, त्यांतील काही सरळ रेषा दहा मीटर लांब आहेत, आणि त्या दगडावर आधी गेरूचा हात फिरवून मग टोकदार अवजाराने ओढलेल्या आहेत, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर त्या पांढऱ्या उठून दिसाव्यात. हे मंदिराचे कार्यनकाशे होते. ग्रीक स्थपतींनी आपले आराखडे कशावर आणि कसे काढले हा वास्तुइतिहासातला जुना प्रश्न होता, कारण पपायरस किंवा लाकडावरचे एकही रेखाटन टिकलेले नाही. दिदिमात कागदाची जागा भिंतीने घेतली होती, आणि बहुतेक रेखाटने प्रत्यक्ष मापाची होती, त्यामुळे पाथरवटाला कंपास लावून माप थेट दगडावर नेता येत होते. चौकातल्या छोट्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणी माथ्याचे रेखाटन त्याच देवळामागच्या भिंतीवर आहे.

यांतले सर्वांत महत्त्वाचे रेखाटन स्तंभाच्या दंडाचे आहे. ग्रीक स्तंभ वर निमुळता होत जातो, पण त्याची कड सरळ नसते. मध्ये तिला किंचित फुगवटा असतो, ज्याला ‘एंटासिस’ म्हणतात आणि जो नसेल तर स्तंभ मध्ये खंगल्यासारखा भासतो. सुमारे अठरा मीटरच्या दंडावर काही सेंटिमीटरांचा हा फुगवटा अनेक तुकड्यांवर बिनचूक कसा पाडत असतील, हे कोडे होते. दिदिमाच्या भिंतीवर दंडाची रुंदी पूर्ण मापात काढली आहे, उंची मात्र सोळा पटीने लहान केली आहे. ग्रीक मापात एका फुटाची सोळा अंगुळे होत, म्हणून भिंतीवरचे एक अंगुळ म्हणजे स्तंभावरचा एक फूट. अंगुळाअंगुळाच्या अंतराने समांतर आडव्या रेघा ओढल्या आहेत, दंडाच्या तळापासून माथ्यापर्यंत आधी सरळ रेषा जोडली आहे, आणि मग तिच्या बाहेरून एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा टेकवला आहे. हे वर्तुळखंड उंचीच्या दिशेने सोळा पट ताणले गेले की त्याचा जवळजवळ न जाणवणारा, लांबट वक्र होतो, आणि तो वक्र काढण्यासाठी कसलेही गणित करावे लागत नाही : ज्या फुटावरचा दगड घडवायचा त्या आडव्या रेघेवर कंपास ठेवायचा आणि मिळेल ती रुंदी दगडावर उतरवायची.

ही रेखाटने टिकली ती केवळ शेवटचा हात फिरला नाही म्हणून. भिंत बसवताना दगडाचा पृष्ठभाग थोडा जाड ठेवत आणि सगळे झाल्यावर तो घासून काढत. घासताना रेघाही जात. पुऱ्या झालेल्या इतर मंदिरांत असे नकाशे होते की नाही हे त्यामुळे भिंतींवरून ठरवण्याची सोय उरलेली नाही. व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एंटासिस साधण्याची रीत आकृतीसह शेवटी देण्याचे कबूल केले आहे, परंतु त्याच्या हस्तलिखितांच्या नकला होत गेल्या तशा आकृत्या गळून पडल्या आणि प्रबोधनकाळापासून वास्तुशास्त्रज्ञांनी ती रीत काय असावी याविषयी आपापले तर्क मांडले. दिदिमाच्या भिंतीवरची आकृती व्हिट्रुव्हियसच्या आधी दोन शतकांहून अधिक काळ काढलेली आहे, आणि तिच्यावरून घडवलेले स्तंभ तिच्यापासून काही पावलांवर उभे असल्याने आकृतीतले माप दगडात कितपत उतरले हे थेट मोजूनही पाहता येते.